ख्रिसमस ट्रीवर विजेचे दिवे एडिसनने नाही, त्याच्या या पार्टनरने लावले होते

डिसेंबर जवळ आला की अमेरिकेत हौशी लोकांची एक ठरलेली धावपळ सुरू होते. हार्डवेअरच्या दुकानातून दहा फुटी पीव्हीसी पाईप आणायचे. अंगणात लोखंडी सळयांचे तुकडे ठोकायचे, पाईप वाकवून त्याची दोन टोकं दोन सळयांवर बसवायची, झाली कमान तयार. मग त्यावर दिव्यांच्या माळा गुंडाळायच्या. पण एका कमानीवर एकच माळ नसते. कमानीचे सहा-आठ भाग पाडून प्रत्येकाला वेगळी माळ देतात आणि कंट्रोलर त्या एकामागून एक पेटवतो, विझवतो. रस्त्यावरून बघणाऱ्याला वाटतं, उजेडच एका कमानीवरून दुसऱ्या कमानीवर उड्या मारत चाललाय.

आपल्याकडच्या गणपती मंडळांच्या रनिंग लाइटच्या कमानी आठवा, प्रकार तोच.

आता ही रंगीत दिव्यांची आणि त्यांना नाचवण्याची आयडिया आली कुठून, असं विचारलं तर दहातले नऊ जण एडिसनचं नाव घेतील. बल्ब एडिसनचा, म्हणजे माळही त्याचीच असणार. पण सणाच्या झाडावर हे दिवे लावून फिरवून दाखवणारा गडी दुसराच होता, एडवर्ड हिबर्ड जॉन्सन.

जॉन्सनचा जन्म १८४६ चा, अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनिया राज्यातला. शिकला टेलिग्राफचं काम. त्या काळात टेलिग्राफ म्हणजे आजचं आयटी, हुशार पोरं तिकडेच जायची. पुढे रेल्वे उभारणाऱ्या जनरल विल्यम पामर यांच्या हाताखाली तो काम करू लागला. पामर यांचा पैसा ऑटोमॅटिक टेलिग्राफ नावाच्या कंपनीत गुंतला होता, म्हणून १८७१ च्या सुमाराला जॉन्सन तिकडे आला. कंपनीला आपली यंत्रं सुधारून हवी होती. त्यासाठी एक चोवीस वर्षांचा पोरगा धरला होता, थॉमस अल्वा एडिसन.

म्हणजे ओळख झाली तेव्हा एडिसन हा कुणी बडा माणूस नव्हता. खुर्चीतच झोपणारा, टेबलावरच जेवणारा आणि रसायनशास्त्राच्या पुस्तकांचा ढीग फस्त करणारा तो एक तरुण कारागीर होता. जॉन्सनने त्याचं पाणी ओळखलं आणि पुढची बरीच वर्षं त्याची साथ धरली.

या जोडीत कामाची वाटणी आपोआप झाली. एडिसनने शोधायचं आणि जॉन्सनने ते जगाला पटवायचं. जॉन्सनला बोलायची आवड होती, गर्दीसमोर उभं राहायची भीती नव्हती. १८७७ साली तो एडिसनच्या संगीत ऐकवणाऱ्या टेलिफोनची जाहीर प्रात्यक्षिकं करत फिरत होता. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये सायंटिफिक अमेरिकन या नियतकालिकात एक पत्र छापून आलं. आवाज साठवून पुन्हा ऐकवणारं यंत्र येतंय, ही बातमी त्या पत्राने फोडली. ते पत्र लिहिलं होतं जॉन्सनने. फोनोग्राफ तयार झाल्यावर त्याचे खेळ भरवण्यातही तो पुढे होता. १८७९ ला एडिसनच्या टेलिफोनसाठी तो लंडनला गेला. लंडनच्या त्याच टेलिफोन कंपनीत पुढे नाटककार म्हणून गाजलेल्या जॉर्ज बर्नार्ड शॉ यांनीही काही काळ नोकरी केली, हे जाता जाता.

तेवढ्यात बल्ब आला. १८७९ च्या ३१ डिसेंबरला एडिसनने मेन्लो पार्कला लोकांना बोलावून दिवे दाखवले आणि सगळीकडे चर्चा झाली. पण खरा प्रश्न त्यानंतर सुरू झाला. नुसता बल्ब घेऊन लोक करणार काय? घरात वायर नाही, रस्त्यात केबल नाही, होल्डर नाही, बटण नाही. सगळं शून्यातून उभं करायचं होतं. आणि समोर गॅसच्या दिव्यांचा जम बसलेला धंदा होता.

जॉन्सन इथे फक्त मदतनीस राहिला नाही, त्याने स्वतःचे पैसे घातले. बल्ब बनवणाऱ्या कंपनीत एडिसन, बॅचलर आणि अप्टन यांच्यासोबत तो भागीदार होता. सिगमंड बर्गमन नावाच्या कारागिराच्या कारखान्यातही त्याची भागी होती. तिथे होल्डर, बटणं, झुंबरं असा सगळा बारीकसारीक माल तयार व्हायचा. विजेचा दिवा लोकांच्या घरात गेला नसता, तर हे सगळं बुडीत खात्यात जाणार होतं.

१८८२ च्या सुरुवातीला तो पुन्हा लंडनमध्ये होता. होलबर्न व्हायाडक्ट नावाच्या पुलाजवळ एडिसनचं छोटं वीजकेंद्र त्याने उभं करून दाखवलं. त्याच वर्षी ४ सप्टेंबरला न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजकेंद्र सुरू झालं. पैसेवाल्यांची ऑफिसं उजळली. पण ऑफिस वेगळं आणि घर वेगळं. घरात वीज घ्यायला लोक बिचकत होते. वायरीतून आग लागेल ही भीती होती.

गंमत बघा, विजेच्या आगीला भिणारे हेच लोक डिसेंबरमध्ये घरात काय करायचे? वाळत चाललेलं झाड दिवाणखान्यात आणायचे आणि त्याच्या फांद्यांवर पेटत्या मेणबत्त्या लावायचे. झाड काही मिनिटंच उजळायचं आणि पाण्याची बादली शेजारी ठेवायची, अशी पद्धत होती. तरी घरं जळायचीच.

जॉन्सनने नेमकी हीच जागा पकडली.

२२ डिसेंबर १८८२. न्यूयॉर्कमध्ये पूर्वेकडच्या ३६ व्या रस्त्यावर जॉन्सनचं घर होतं. समोरच्या बैठकीत एक झाड उभं केलं होतं आणि त्यावर ८० बल्ब होते. लाल, पांढरे, निळे, आकाराने अक्रोडाएवढे. ते बाजारात मिळत नव्हतेच, खास बनवून घेतले होते आणि वायरिंगही हातानेच केलेलं होतं. छताला आणखी २८ बल्ब टांगले होते. एवढ्यावर थांबेल तो जॉन्सन कसला! झाड एका खोक्यावर बसवलं होतं आणि ते विजेवर गोल फिरत होतं. फिरता फिरता दिवे विझत, पुन्हा लागत, रंग बदलत.

न्यूयॉर्कच्या पेपरवाल्यांनी याला जाहिरातबाजी समजून भाव दिला नाही, असं सांगतात. खरं तर त्यांचंही चुकलं नव्हतं, ती जाहिरातच होती. पण डेट्रॉइटच्या एका पेपरसाठी लिहिणारा क्रॉफट नावाचा पत्रकार ते झाड बघून गेला आणि त्याने मनापासून, भरभरून लिहिलं. आज त्या झाडाची जी माहिती आहे ती मुख्यतः त्याच्यामुळे.

दोन वर्षांनी, १८८४ च्या ख्रिसमसला, न्यूयॉर्क टाइम्सनेही दखल घेतली. तोवर दिवे १२० झाले होते. या बातमीत झाडाची आतली भानगडही कळते. झाडाभोवती तांब्याच्या पट्ट्या होत्या. झाड फिरलं की एका पट्टीचा संपर्क तुटायचा आणि दुसरीचा जुळायचा. पहिल्या गटाचे पांढरे दिवे गेले की दुसऱ्या गटाचे लाल-पांढरे यायचे, मग पिवळे. दिव्यांचे गट पाडायचे आणि पाळीपाळीने वीज द्यायची, बस. आज पीव्हीसीच्या कमानीमागे बसलेला कंट्रोलर वेगळं काय करतो? तांब्याच्या पट्टीच्या जागी चिप आली, एवढाच काय तो फरक.

पण म्हणून झाडं लगेच घराघरात उजळली नाहीत. वीज होती मूठभर घरांत, त्यात अशा झाडाचं वायरिंग करायला खास माणूस बोलवावा लागे. हा श्रीमंतांचा खेळ होता. सर्वसामान्य घरांत पुढची कित्येक वर्षं मेणबत्त्याच जळत राहिल्या.

जॉन्सनचं लक्षही एका झाडात अडकून राहिलं नाही. लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमधल्या प्रदर्शनाच्या वेळी त्याची नजर अमेरिकी नौदलातल्या फ्रँक स्प्रेग या तरुण अधिकाऱ्यावर पडली होती. त्याला नोकरी सोडायला लावून जॉन्सनने एडिसनकडे आणलं. वर्षभरात स्प्रेगला स्वतःचं काही करायचं होतं, तेव्हा १८८४ मध्ये त्याच्या मोटारच्या कंपनीमागेही जॉन्सनच उभा राहिला. याच स्प्रेगने १८८८ साली रिचमंड शहरात विजेची ट्राम यशस्वी करून दाखवली आणि मग जगभरातल्या शहरांनी ट्रामचे घोडे सोडायला सुरुवात केली. आपल्या मुंबईत विजेवरची ट्राम १९०७ साली धावली.

एडिसनच्या कंपन्या एकत्र होत गेल्या, १८९२ मध्ये जनरल इलेक्ट्रिक तयार झाली आणि सूत्रं बँकवाल्यांकडे गेली. जुनी मंडळी बाजूला पडली, त्यात जॉन्सनही होता. माळांचं मात्र बरं चाललं. १८९४ ला राष्ट्राध्यक्ष क्लीव्हलँड यांच्या व्हाइट हाऊसमधल्या झाडावर विजेचे दिवे लागले. १९०३ च्या सुमारास तयार माळांचे संच दुकानात आले आणि वायरमन बोलवायची गरज संपली.

सप्टेंबर १९१७ मध्ये जॉन्सन वारला. सहा वर्षांनी, १९२३ च्या ख्रिसमसच्या आदल्या संध्याकाळी, वॉशिंग्टनमध्ये व्हाइट हाऊसजवळच्या उघड्या मैदानात ४८ फुटी झाड उभं केलं होतं. राष्ट्राध्यक्ष कूलिज यांनी बटण दाबलं आणि त्यावरचे लाल, पांढरे, हिरवे असे २,५०० बल्ब एकदम लागले. दिवाणखान्यातली लाइटिंग आता चौकात आली होती.