गोदेचे थर वाचणारे सांकलिया

इतिहास म्हणजे शिलालेख, ताम्रपट आणि सनावळ्या, अशी माझी समजूत होती. डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया यांचे चरित्र वाचले आणि ती गोदावरीत बुडाली.

१० डिसेंबर १९०८ रोजी ते मुंबईत जन्मले. गुजरातच्या पुरातत्त्वावर प्रबंध लिहून लंडनची पदवी मिळविली आणि १९३९ मध्ये पुण्याच्या डेक्कन कॉलेजात रुजू झाले. नाशिककरांना त्यांनी १९५०-५१ साली केलेले मातीच्या गढीचे उत्खनन ठाऊक असते. पण त्याहून कितीतरी जुने धन त्यांना गंगापूरजवळ गोदेच्या काठच्या गोट्यांच्या थरात मिळाले : आदिमानवाची दगडी हत्यारे! १९५२ साली त्यांवर ग्रंथ निघाला.

हत्यारावर तारीख नसते. ती नदीकडून मिळवावी लागते. काळ्या पत्थराचे आपले पठार पूर्वेकडे कललेले. म्हणून ब्रह्मगिरीवर उगवलेली गोदा, अरबी समुद्र जेमतेम ८० किलोमीटरवर असूनही, त्याच्याकडे पाठ फिरवते. नाशिकपर्यंत ती बहुतेक खडकावरूनच धावते. कठीण थर आला की पायरी पडते. सोमेश्वरचा धबधबा तसाच. तेथे गाळ ठरणार कोठे? पुढे दारणा, कादवा मिळतात, दरी रुंदावते आणि गाळाचे थर जाड होतात. पाण्याला जोर असताना गोटे पडतात, संथ असताना बारीक गाळ. पाण्यातल्या चुन्याने गोटे सांधले जाऊन दगडासारखे घट्ट होतात. खालच्या थरात काळ्या पत्थराची मोठी हत्यारे, नेवाशाला त्यावरच्या थरात गारगोटीच्या जातीच्या दगडांची लहान. हा क्रम सांकलियांनी लावला. त्यावरून ओल्या-कोरड्या हवामानाचे कालखंडही मांडले.

मेख येथेच होती. नदी जुना गाळ कापते आणि त्याच खाचेत नवा भरते. मग दोन ठिकाणचे सारखे दिसणारे थर एकाच वयाचे कसे मानावेत? त्यांच्याच हाताखाली तयार झालेल्या शरद राजगुरूंनी हे थर पुन्हा तपासले, तेव्हा चित्र बरेच गुंतागुंतीचे निघाले. आपली मांडणी तपासू शकेल असा भूशास्त्रज्ञ ज्यांनी आपल्याच विभागात वाढू दिला, ते सांकलिया मला १९७४ च्या पद्मभूषणापेक्षा मोठे वाटतात. २८ जानेवारी १९८९ रोजी ते गेले.

परवा सोमेश्वरच्या वर धाकट्या भावाने दरडीतला एक गोटा उकरून खिशात घातला. मी तो होता तेथेच परत बसवायला लावला. घरी येईपर्यंत तो माझ्याशी बोलला नाही.