बाराव्या वर्षी मुळाक्षरे गिरवणारे महाराज



परीक्षा जवळ आली की इंग्रजी व कॉम्प्युटरच्या तयार नोट्स मागायला मुले आमच्याकडे येतात. तेव्हा आम्हाला श्रीमंत सयाजीराव महाराज आठवतात.

१८६३ साली नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावी जन्मलेल्या गोपाळरावांना २७ मे १८७५ रोजी महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतले. बारा वर्षांच्या या शेतकऱ्याच्या मुलाला तेव्हा लिहिता-वाचताही येत नव्हते. इलियट साहेबांच्या देखरेखीखाली ते मराठी, गुजराती, उर्दू व इंग्रजी शिकले. १८८१ मध्ये राज्यकारभार हाती आला. छप्पन्याच्या दुष्काळात त्यांनी आपल्या मुलुखाचा दौरा केला, पाहिलेले टिपून ठेवले. ती टिपणे १९०१ साली इंग्रजीत पुस्तकरूपाने निघाली. १८९३ मध्ये अमरेलीत सुरू केलेले सक्तीचे मोफत शिक्षण त्यांनी १९०६ मध्ये राज्यभर लागू केले. आपली छाणीही त्याच राज्यातली. १९३९ मध्ये महाराज निवर्तले.

आम्ही हिंदी माध्यमात शिकलो. इंग्रजीची धास्ती आम्हालाही ठाऊक आहे. म्हणून सांगतो, मुलांनो, धडा वाचा, वही मिटा आणि समजले ते स्वतःच्या शब्दांत लिहा. चुकले तर आम्ही सुधारून देऊ. पालकांनीही झेरॉक्सचा आग्रह धरू नये, ही विनंती.