मुसा बुसी : दख्खनच्या दरबारातील एक फ्रेंच मुत्सद्दी

अठराव्या शतकाच्या मध्यास दख्खनच्या राजकारणात सात-आठ वर्षे निर्णायक ठरलेला शार्ल जोसेफ पातिस्ये द बुसी हा फ्रेंच सेनानी भारतीय भाषांच्या अभ्यासकाला एका ठिकाणी संपूर्ण सापडत नाही. मराठी कागदपत्रांतला ‘मुसा बुसी’ हा निजामाच्या तोफखान्यामागचा माणूस आणि तहाच्या वाटाघाटीतला चिवट प्रतिपक्षी आहे. आनंदरंग पिळ्ळै याच्या तमिळ रोजनिशीत तो पाँडिचेरीच्या गव्हर्नराच्या विश्वासातला सरदार म्हणून येतो. फारसी दफ्तरांत तो उमदतुल्मुल्क अशा किताबांनी मिरवणारा उमराव आहे; तर तेलुगू वीरगाथेत बोबिलीच्या किल्ल्यावर तोफा आणणारा परदेशी. (‘मुसा’ हे ‘मोश्ये’ या फ्रेंच संबोधनाचे आपल्याकडे रुळलेले रूप होय, पुढे हैदराबादेतील रेमाँ यालाही लोकांनी याच उपपदाने ओळखले.) ही चारही रूपे एकाच आयुष्याची आहेत, आणि त्या आयुष्याचा उलगडा रणांगणापेक्षा पगाराच्या हिशेबात अधिक होतो, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

बुसीचा जन्म उत्तर फ्रान्समधील स्वासाँ परिसरात १७२० च्या सुमारास झाला. घराणे खानदानी, परंतु संपन्न नव्हे. अशा घरातील तरुणांना सैन्य व समुद्रापलीकडील व्यापारी कंपनी हे दोनच मार्ग मोकळे असत; बुसीने दोन्ही धरले. १७४८ मध्ये इंग्रजांनी पाँडिचेरीला दिलेला वेढा डुप्लेने परतवला, त्या वेळी बुसी त्याच्या नजरेत भरला. सप्टेंबर १७५० मध्ये त्याने जिंजी एका रात्रीत घेतली. याच जिंजीसाठी राजाराम महाराजांच्या काळात मोगली फौजा जवळजवळ आठ वर्षे तिष्ठत राहिल्या होत्या, हे मराठी वाचकास सांगावयास नको. दोन वेढ्यांची परिस्थिती अर्थातच निराळी होती. तथापि कर्नाटकातील दरबारांवर या बातमीचा जो परिणाम झाला, तो तपशिलाची चिकित्सा करून झालेला नव्हता.

त्यानंतर तीनच महिन्यांनी नासिरजंग मारला गेला आणि फ्रेंचांच्या पाठबळाने मुजफ्फरजंग निजामाच्या गादीवर आला. जानेवारी १७५१ मध्ये बुसी त्याच्यासोबत उत्तरेकडे निघाला, तेव्हा त्याच्याजवळ तीनशेच्या आसपास गोरे शिपाई आणि दोन हजारांच्या आसपास देशी शिपाई होते. वाटेत कडप्पा-कर्नूलच्या पठाण नबाबांशी झालेल्या चकमकीत मुजफ्फरजंगच ठार झाला. धन्याविना फौज परक्या मुलखात उघडी पडली. बुसीतला मुत्सद्दी येथे प्रथम दिसतो. छावणीत कैदेत असलेल्या निजामपुत्रांपैकी सलाबतजंगाला त्याने पुढे केले, सरदारांची संमती मिळविली, आणि पूर्वीचे करार नव्या निजामाकडून कायम करवून घेऊनच छावणी हलविली. जून महिन्यात तो औरंगाबादेस पोहोचला, तेव्हा दख्खनचा सुभेदार त्याच्या पलटणींच्या आधाराने चालत होता.

पेशव्यांशी गाठ त्याच वर्षी पडली. १७५१ च्या हिवाळ्याच्या तोंडी निजामाची फौज पुण्याच्या रोखाने सरकली आणि कुकडीकाठी एका चंद्रग्रहणाच्या रात्री बुसीने मराठ्यांच्या छावणीवर अचानक हल्ला चढविला. बाळाजी बाजीराव ग्रहणाच्या स्नानदानात गुंतले होते; ते थोडक्यात निसटले, त्यांची सोन्याची उपकरणी शत्रूच्या हाती लागली. पुढे रांजणगाव, तळेगाव ढमढेरे या गावांची धूळधाण झाली. पण मराठ्यांनी घोडनदीच्या परिसरात लगेच उलट मार दिला, रसद तोडली, आणि सलाबतजंगाच्या सैन्याचा थकलेला पगार हा मराठ्यांच्या घोडदळाइतकाच मोठा शत्रू होऊन बसला. पुण्याची वाट सोडून निजामाला मागे फिरावे लागले. एप्रिल १७५२ मध्ये भालकीच्या मुक्कामी त्याच्या दिवाणाला, राजा रघुनाथदासाला, पगारासाठी खवळलेल्या शिपायांनीच ठार केले. पाश्चात्त्य लेखक ग्रहणाच्या रात्रीचे वर्णन रंगवितात, आमचे लेखक घोडनदीचे. मला मात्र भालकीचा हा खून अधिक अर्थपूर्ण वाटतो, कारण बुसीच्या पुढील साऱ्या राजकारणाची किल्ली त्यात आहे.

त्याच वर्षी दिल्लीहून निजामाचा थोरला पुत्र गाजीउद्दीन औरंगाबादेस आला, पेशव्यांना मोठा मुलूख देऊ करून बसला, आणि थोड्याच दिवसांत विषप्रयोगाने मेला. मेलेल्या माणसाच्या शब्दासाठी पेशवे लढावयास सिद्ध होते. बुसीने लढाई टाळली. नोव्हेंबर १७५२ मध्ये भालकी येथेच तह झाला आणि वऱ्हाडच्या पश्चिमेकडील तापी-गोदावरीमधला मुलूख पेशव्यांकडे गेला. ज्याच्या तोफांनी वर्षापूर्वी पुण्याची वाट धरली होती, त्यानेच हे दान पदरात घालावे, यात विसंगती नाही. सलाबतजंग टिकावा एवढेच त्याला हवे होते. तो कोणत्या सीमेआत टिकतो, याची त्याला फारशी क्षिती नव्हती.

१७५३ मध्ये बुसी आजारपणामुळे मच्छलीपट्टणला असताना दिवाण सय्यद लष्करखानाने फ्रेंच तुकड्या पांगविल्या व त्यांचा पगार अडविला. बुसी परतला, त्याने औरंगाबाद गाठली, आणि रोख पगाराचे आश्वासन नाकारून मुलूखच मागून घेतला : कोंडपल्ली, एलूर, राजमहेंद्री आणि श्रीकाकुळम हे चार सरकार. सैन्य दरबाराचे, त्याचे हुकूम परक्या कंपनीचे, आणि खर्च दरबाराच्याच प्रांतातून परस्पर वसूल, ही घडी येथे बसली. १७९८ मध्ये वेलस्लीने निजामावर लादलेल्या तैनाती फौजेचे तंत्र याहून मुळात निराळे नव्हते. इंग्रजांनी ते आपले म्हणून चालविले, एवढेच. (मध्य भारतातील मराठी वाचकास मच्छलीपट्टणच्या नावाने दुसरीच आठवण होईल. जबलपुरातील कमानिया गेट हे १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेसचे स्मारक आहे. त्या अधिवेशनाच्या अध्यक्षपदासाठी सुभाषचंद्र बोसांविरुद्ध उभे राहून हरलेले डॉ. पट्टाभी सीतारामय्या याच गावचे.)

१७५४ मध्ये डुप्ले मायदेशी परतला. पाठीराखा गेला, तरी बुसी दरबारात टिकून राहिला. मे १७५६ मध्ये सावनूरच्या स्वारीनंतर दिवाण शाहनवाजखानाने त्याला नोकरीतून दूर केले. या वेळी पेशव्यांनी त्याला आपल्याकडे येण्याविषयी सुचविले. बुसीने तो मान नाकारला, हैदराबादेत चारमहालाच्या आवारात तो ठाण मांडून बसला, आणि कुमक येताच सलाबतजंगाकडून पूर्वपदी स्थापित झाला. त्याला घालवू पाहणारा शाहनवाजखान हाच फारसी चरित्रकोश ‘मआसिरुल् उमरा’चा कर्ता. मे १७५८ मध्ये औरंगाबादेस निजामअलीने बुसीचा कारभारी हैदरजंग याचा खून करविला. त्या गोंधळात नजरकैदेतला शाहनवाजखानही मारला गेला. त्याच्या घराच्या लुटीत विखुरलेली ग्रंथाची पाने पुढे गुलाम अली आझाद बिल्ग्रामी यांनी मिळवून जुळविली. मोगल उमरावांच्या त्या थोर चरित्रग्रंथाचे आयुष्य बुसीच्या राजकारणामुळे एका धाग्यावर आले होते, हे साहित्याच्या अभ्यासकाने नोंदवून ठेवण्याजोगे आहे.

या दोन घटनांच्या मध्ये बोबिली येते. सरकारांच्या वसुलीसाठी बुसीने विजयनगरमच्या विजयरामराजूचा हात धरला आणि त्याचे जुने वैरही पत्करले. २४ जानेवारी १७५७ रोजी बोबिलीचा किल्ला तोफांच्या माऱ्याखाली आला. पराभव अटळ दिसताच आतील पुरुषांनी आपल्या बायकामुलांना स्वहस्ते मारले व ते लढत पडले. जमीनदार रंगारावही पडला. काही रात्रींनंतर तांड्र पापारायुडूने विजयरामराजूला त्याच्याच तंबूत भोसकून सूड घेतला. तेलुगू कथागायकांनी ही हकीकत पिढ्यान्‌पिढ्या गाइली, १९६४ मध्ये तिच्यावर चित्रपटही निघाला. या प्रकारात बुसीला विजयरामराजूने फसविले, असा बचाव त्याचे चरित्रकार करतात. तो पुरेसा नाही. परक्या प्रांताचा महसूल हाच ज्याच्या सत्तेचा पाया, त्याला स्थानिक वैरात बाजू घेणे चुकत नव्हते.

एप्रिल १७५८ मध्ये लाली पाँडिचेरीस उतरला. दख्खनच्या राजकारणाची त्याला समज नव्हती आणि ती असावी असेही त्याला वाटत नव्हते. त्याने बुसीला माघारी बोलाविले. बुसीने आज्ञा पाळली. वर्षाच्या आत सरकारांत फ्रेंचांचा पराभव झाला, एप्रिल १७५९ मध्ये मच्छलीपट्टण इंग्रजांनी घेतले, आणि सलाबतजंगाने त्यांच्याशी तह केला. आठ वर्षांची इमारत एका माणसाच्या जाण्याने एवढ्या लवकर ढासळली, यात त्या माणसाचे कर्तृत्व दिसते तसे इमारतीचे कच्चेपणही. सलाबतजंग पुढे निजामअलीच्या कैदेत बिदरच्या किल्ल्यात १७६३ मध्ये वारला.

बुसीची दुसरी ठेव मराठ्यांकडे आली होती. त्याच्या हाताखाली कवायत शिकलेला इब्राहिमखान गारदी आधी निजामअलीकडे व नंतर पेशव्यांकडे आला. ‘गारदी’ हा शब्दच फ्रेंच ‘गार्द’वरून आल्याचे मानले जाते. फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला याच तोफखान्याने निजामाला नमविले, आणि १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतावर इब्राहिमखान मराठ्यांच्या बाजूने अखेरपर्यंत लढला व पकडला जाऊन मारला गेला. बुसी त्यापूर्वीच, जानेवारी १७६० मध्ये, वांदिवाशच्या लढाईत इंग्रजांचा कैदी झाला होता.

फ्रान्समधील वीस वर्षे संपत्ती, प्रतिष्ठा आणि लालीशी वाद यांत गेली. लालीला १७६६ मध्ये देहदंड झाला. १७८३ च्या मार्चमध्ये बुसी पुन्हा या किनाऱ्यावर उतरला तो साठी उलटलेला, संधिवाताने जखडलेला सेनापती म्हणून. ज्याच्याशी हातमिळवणी करावयाची तो हैदरअली तीन महिन्यांपूर्वीच निवर्तला होता. कडलूरला जूनमध्ये त्याने तटबंदीआड राहून इंग्रजांना तोंड दिले, आणि युरोपातून तहाची बातमी येताच शस्त्रे थांबली. जानेवारी १७८५ मध्ये तो पाँडिचेरीस वारला. त्याच सुमारास उत्तरेत महादजी शिंद्यांनी द बॉइन या सव्हॉयच्या अधिकाऱ्याला नोकरीस घेऊन कवायती कंपू उभारावयास सांगितले होते. त्या कंपूच्या पगारासाठी पुढे अंतर्वेदीतील मुलूख तोडून देण्यात आला.