वाल्डेमार हाफकिन

वाल्डेमार हाफकिन (१५ मार्च, इ.स. १८६०:ओडेसा, रशियन साम्राज्य - २६ ऑक्टोबर, इ.स. १९३०:लोझान, स्वित्झर्लंड) हे पटकी आणि प्लेग या रोगांवरील लसी तयार करणारे जीवाणुशास्त्रज्ञ होते. मुंबईत परळ येथील हाफकिन संस्था त्यांच्याच नावाने ओळखली जाते. पांढऱ्या पेशी रोगजंतूंना गिळून शरीराचे रक्षण करतात, हा पेशीभक्षणाचा सिद्धान्त मांडणारे इल्या मेचनिकोव्ह हे त्यांचे गुरू होत. महाराष्ट्रात हाफकिन यांचे नाव लसीपुरतेच घेतले जाते. परंतु टोचलेली लस शरीरात नेमके काय करते, हा प्रश्न त्यांच्या गुरूच्या संशोधनाशी थेट जोडलेला होता आणि हाफकिन मुंबईत लस टोचत होते तेव्हा त्याचे पूर्ण उत्तर कोणाजवळच नव्हते.

जन्म आणि शिक्षण

हाफकिन यांचा जन्म काळ्या समुद्राकाठच्या ओडेसा शहरात एका ज्यू कुटुंबात झाला. शालेय शिक्षण बेर्द्यान्स्क येथे झाल्यावर त्यांनी इ.स. १८७९ मध्ये ओडेसाच्या विद्यापीठात प्रवेश घेतला. तेथे प्राणिशास्त्राचे प्राध्यापक असलेल्या मेचनिकोव्ह यांचा त्यांच्यावर खोल प्रभाव पडला. तो काळ रशियातील ज्यूंना कठीण होता. इ.स. १८८१ च्या ज्यूविरोधी दंगलीत वस्तीच्या संरक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिन होते. त्यात ते जखमी झाले आणि त्यांना अटकही झाली. मेचनिकोव्ह यांच्या मध्यस्थीमुळे त्यांची सुटका झाली. पुढे धर्मांतर केल्यास विद्यापीठात अध्यापकाचे पद मिळण्याची शक्यता होती. ते त्यांनी नाकारले आणि शहरातील प्राणिशास्त्रीय संग्रहालयात साधी नोकरी पत्करली.

मेचनिकोव्ह आणि भक्षकपेशी

इ.स. १८८२ मध्ये मेचनिकोव्ह यांनी विद्यापीठाचा राजीनामा दिला आणि ते सिसिली बेटावरील मेसिना येथे गेले. तेथे त्यांनी तारामाशाच्या पारदर्शक अळीच्या शरीरात गुलाबाचे काटे टोचले. दुसऱ्या दिवशी त्या काट्यांभोवती हालचाल करणाऱ्या पेशींचा गराडा पडलेला त्यांना दिसला. तारामाशात रक्तवाहिन्यांचे जाळे नसते, त्यामुळे या पेशी रक्तातून वाहत तेथे पोहोचल्या नव्हत्या. त्या आपणहून सरकत आल्या होत्या. पाण्यातील डॅफ्निया या सूक्ष्म कवचधारी प्राण्याच्या शरीरात शिरलेल्या बुरशीच्या बीजाणूंना अशाच पेशी गिळतात, हे त्यांनी नंतर दाखवले. सर्व बीजाणू गिळले गेले तर प्राणी वाचतो, काही सुटून वाढले तर मरतो. रोग म्हणजे जंतू आणि भक्षकपेशी यांच्यातील झुंज आहे, असा त्यांचा निष्कर्ष होता.

भक्षकपेशी प्रथम जंतूभोवती आपले आवरण पसरून त्याला आत ओढून घेते. पेशीच्या आत त्या जंतूभोवती एक पिशवी तयार होते. पाचक द्रव्यांनी भरलेल्या दुसऱ्या पिशव्या तिला येऊन मिळतात आणि जंतू मारला जाऊन पचवला जातो. अमीबा अन्न खातो तीच ही रीत आहे. एकपेशीय जीवाचे खाणे बहुपेशीय प्राण्यात संरक्षणाचे साधन झाले, ही मेचनिकोव्ह यांची दृष्टी प्राणिशास्त्रज्ञाची होती. जर्मनीतील अनेक वैद्यकतज्ज्ञांना ती पटली नाही. त्यांच्या मते जंतू मारण्याचे काम रक्तातील द्रव करतो आणि पेशी केवळ मेलेल्यांचा कचरा उचलतात.

पॅरिस

इ.स. १८८८ मध्ये हाफकिन जिनिव्हाला गेले आणि पुढील वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत दाखल झाले. मेचनिकोव्ह तेथे आधीच पोहोचले होते. संस्थेत रिकामी असलेली एकच जागा ग्रंथपालाची होती. हाफकिन यांनी तीच घेतली आणि उरलेल्या वेळात प्रयोगशाळेत काम केले.

त्यांचे तेथील पहिले महत्त्वाचे संशोधन पॅरामिशियम या एकपेशीय जीवाच्या रोगांवरील होते. पॅरामिशियम जिवाणू गिळूनच जगते. मात्र गिळले जाऊनही न पचता थेट त्याच्या केंद्रकात जाऊन वाढणारे जिवाणू असतात, हे हाफकिन यांनी इ.स. १८९० मध्ये वर्णिले. त्यांनी या जिवाणूंना दिलेले होलोस्पोरा हे नाव आजही वापरले जाते. लसकार म्हणून मिळालेल्या प्रसिद्धीपुढे हे काम झाकोळले आहे, पण ते दुर्लक्षण्याजोगे नाही. गिळणारी पेशी नेहमीच जिंकत नाही, हे शिष्याने या कामात पाहिले होते.

त्यानंतर ते पटकीकडे वळले. पटकीचे जंतू गिनीपिगच्या उदरपोकळीतून पुन्हा पुन्हा नेऊन त्यांनी त्यांची तीव्रता वाढवली, तर दुसरा संवर्ध उष्णता व हवेच्या झोताने सौम्य केला. आधी सौम्य आणि काही दिवसांनी तीव्र, अशी दोन टोचण्यांची पद्धत त्यांनी बसवली. १८ जुलै, इ.स. १८९२ रोजी त्यांनी ही लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. तिची खरी कसोटी जेथे पटकी वर्षानुवर्षे ठाण मांडून होती तेथेच लागणार होती, म्हणून मार्च १८९३ मध्ये ते कोलकात्यास आले. पुढील सुमारे अडीच वर्षांत त्यांनी बंगाल, आसाम आणि उत्तर भारतात ४० हजारांहून अधिक लोकांना लस टोचली.

मुंबईतील प्लेग

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात गोव्याचे डॉ. अकासियो गाब्रिएल व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. मराठीत या रोगाला त्या वेळी ग्रंथिक सन्निपात म्हणत. पुढील महिन्यात सरकारच्या विनंतीवरून हाफकिन मुंबईत आले. ग्रँट वैद्यकीय महाविद्यालयात त्यांना एक खोली आणि एक व्हरांडा मिळाला. मदतीला एक कारकून आणि तीन शिपाई होते.

एवढ्या साधनांवर तीन महिन्यांत लस तयार झाली. मांसरसाच्या पृष्ठभागावर तुपाचे थेंब सोडले की प्लेगचे जंतू त्यांना धरून खाली लोंबणाऱ्या धाग्यांसारखे वाढतात, हे हाफकिन यांच्या ध्यानात आले. भांडे हलवून हे धागे पाडायचे, पुन्हा वाढू द्यायचे आणि काही आठवड्यांनी सारा संवर्ध तापवून जंतू मारायचे, अशी ही रीत होती. पटकीच्या लसीत जंतू जिवंत होते; प्लेगच्या लसीत त्यांनी मेलेले जंतू वापरले. १० जानेवारी, इ.स. १८९७ रोजी त्यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला, तेव्हा स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांना ती देण्यात आली. लस न घेतलेल्या कैद्यांत आजार आणि मृत्यू स्पष्टपणे अधिक आढळले.

तोवर लाखो लोकांनी मुंबई सोडली होती. गिरण्यांतील कामगारांत सातारा आणि रत्नागिरी या जिल्ह्यांतील लोक मोठ्या संख्येने होते. कराड-पाटणच्या खोऱ्यातील वा कुंभार्ली घाटाखालच्या गावातील माणसाला साथीच्या काळात घर गाठण्यावाचून दुसरा आसरा नव्हता आणि रोगही माणसांच्या व मालाच्या वाटांनीच देशावर पसरला. गावात उंदीर पडू लागले की घरे सोडून रानात झोपड्या घालून राहावयाचे, हा लोकांनी अनुभवाने शोधलेला उपाय होता. उंदरावरील पिसवांमुळे रोग माणसाला होतो, हे शास्त्राला पुढे पटले. त्या दृष्टीने हा उपाय पुष्कळसा योग्यच ठरतो. सातारा जिल्ह्यातील नायगावात जन्मलेल्या सावित्रीबाई फुले यांचे प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना लागण होऊन १० मार्च, इ.स. १८९७ रोजी पुण्यात निधन झाले. त्याच वर्षी पुण्यातील प्लेगबंदोबस्तातील जाचामुळे संतापलेल्या चापेकर बंधूंनी रँडवर गोळ्या झाडल्या.

सरकारी उपायांविषयीच्या अशा अविश्वासात लस लोकांपर्यंत नेणे सोपे नव्हते. टोचणी ऐच्छिकच असावी, असे हाफकिन यांचे मत होते. सर आगाखान यांनी लोकांसमोर स्वतः टोचून घेतले आणि खोजा समाजातील हजारो लोकांनी त्यांचे अनुकरण केले. प्रयोगशाळेसाठी त्यांनी खुश्रू लॉज ही आपली वास्तूही दिली. १० ऑगस्ट, इ.स. १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाऊसमध्ये प्लेग संशोधन प्रयोगशाळेचे उद्घाटन गव्हर्नर लॉर्ड सँडहर्स्ट यांच्या हस्ते झाले.

लस आणि पेशीभक्षण

प्लेगचा जंतू हा भक्षकपेशींना चकवणाऱ्या जंतूंपैकी सर्वांत निष्णात मानला जातो. पिसवेच्या चाव्यातून शरीरात शिरलेले काही जंतू महाभक्षकपेशी गिळतात. पण त्यांतील पुष्कळ पेशीच्या आत मरत नाहीत, तेथेच वाढतात. मानवी शरीराच्या उष्णतेत त्यांच्याभोवती एक आवरण तयार होते आणि बाहेर पडल्यावर त्यांना पुन्हा गिळणे अवघड होते. शिवाय ते सुईसारख्या रचनेतून पेशीत विशिष्ट प्रथिने सोडून तिची गिळण्याची क्रियाच बंद पाडतात. जांघेत वा काखेत येणारी प्लेगची गाठ म्हणजे सुजलेली लसीका ग्रंथी होय. जंतूंना अडवण्यासाठी भक्षकपेशी जेथे दाटीने असतात, नेमक्या त्याच ठिकाणी प्लेग आपले ठाणे करतो.

मेलेल्या जंतूंची लस याविरुद्ध काय करते, याबद्दल हाफकिन यांचे स्वतःचे अनुमान होते. जंतूंच्या शरीरांमुळे लागण कमी होते आणि द्रवात उतरलेल्या त्यांच्या विषामुळे मृत्यू कमी होतात, असे ते मानत. त्याच सुमारास युरोपात भक्षकपेशी आणि रक्तद्रव यांचा वाद शिगेला पोहोचला होता. इ.स. १८९४ मध्ये रिखार्ड फायफर यांनी प्रतिकारक्षम गिनीपिगच्या उदरपोकळीत पटकीचे जंतू पेशींनी न गिळताच विरघळतात, हे दाखवले. हाफकिन यांनी ज्या प्राण्यात आणि ज्या जंतूवर आपली पहिली लस घडवली, तेथेच त्यांच्या गुरूच्या सिद्धान्ताला हा धक्का बसला.

वादाचा निकाल मात्र कोणा एका बाजूने लागला नाही. ऑल्मरॉथ राइट हे इ.स. १८९८ मध्ये नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाचे सदस्य होते. हाफकिन यांच्या आकडेवारीवर आणि लसीच्या मात्रेतील असमानतेवर या आयोगाने टीका केली, तरी लस उपयुक्त असल्याचे मान्य केले. याच राइट यांनी स्ट्युअर्ट डग्लस यांच्यासह इ.स. १९०३ मध्ये दाखवले की, रक्तद्रवातील काही घटक जंतूंना चिकटतात आणि मग भक्षकपेशी त्यांना सहज गिळतात. या घटकांना त्यांनी ऑप्सोनिन असे नाव दिले. लस दिल्यानंतर तयार होणारी प्रतिपिंडे इतर कामांबरोबर हेही काम करतात: जंतूच्या निसरड्या आवरणावर भक्षकपेशीला पकड मिळवून देतात. हाफकिन यांची लस मेचनिकोव्ह यांच्या पेशींना अशा रीतीने येऊन मिळाली. इ.स. १९०८ चे नोबेल पारितोषिक मेचनिकोव्ह आणि रक्तद्रव पक्षाचे पॉल एर्लिख यांना विभागून देण्यात आले.

मलकोवाल प्रकरण

३० ऑक्टोबर, इ.स. १९०२ रोजी पंजाबातील मलकोवाल गावी १०७ जणांना लस टोचण्यात आली. त्यांपैकी १९ जण धनुर्वाताने मरण पावले. हे सर्व एकाच बाटलीतील लस घेतलेले होते. ती बाटली परळला भरलेली होती आणि लसीत कार्बोलिक आम्ल घालण्याची जुनी पद्धत हाफकिन यांनी तेथे बदलली होती. चौकशी समितीने दोष प्रयोगशाळेवर ठेवला. हाफकिन यांना पदावरून दूर करण्यात आले आणि ते इंग्लंडला गेले.

गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता व तो नीट निर्जंतुक न करताच वापरण्यात आला, ही बाब चौकशीच्या कागदपत्रांतच होती. बाटली उघडली तेव्हा तिला धनुर्वाताच्या वाढीने येणारी दुर्गंधी नव्हती, हीही बाब महत्त्वाची होती. तरीही हाफकिन यांना अनेक वर्षे दोषमुक्ततेची वाट पाहावी लागली. इ.स. १९०७ मध्ये रोनाल्ड रॉस यांच्यासह दहा शास्त्रज्ञांनी लंडनच्या टाइम्स या वृत्तपत्रात पत्र लिहून त्यांची बाजू मांडली. त्याच वर्षाच्या अखेरीस त्यांच्यावरील ठपका दूर झाला. पण ज्या संस्थेचा पाया त्यांनी घातला त्या परळच्या प्रयोगशाळेचे पद त्यांना परत मिळाले नाही. ते कोलकात्यास रुजू झाले. तेथे लसीच्या चाचण्यांना मुभा नसल्याने त्यांचे काम मर्यादितच राहिले.

उत्तरायुष्य

पहिल्या महायुद्धाच्या सुमारास हाफकिन निवृत्त होऊन युरोपला परतले. उर्वरित आयुष्य त्यांनी मुख्यतः ज्यू धर्म आणि शिक्षण यांच्या कार्यात घालवले. ते अविवाहित होते. पूर्व युरोपातील ज्यू धर्मशिक्षणाच्या पाठशाळांसाठी त्यांनी आपल्या संपत्तीतून निधी उभारला. इ.स. १९२५ मध्ये परळच्या प्रयोगशाळेला हाफकिन संस्था हे नाव देण्यात आले. तोपर्यंत तेथून प्लेगच्या लसीच्या अडीच कोटींहून अधिक मात्रा बाहेर गेल्या होत्या. इ.स. १९२८ मध्ये ते लोझान येथे राहण्यास गेले आणि दोन वर्षांनी तेथेच त्यांचे निधन झाले. भारतीय टपाल खात्याने इ.स. १९६४ मध्ये त्यांच्या स्मरणार्थ तिकीट काढले.