गणपत कृष्णाजी व छापील पंचांग

आपल्या वडिलांच्या घरी वर्षप्रतिपदेस जोशीबुवा येत व पंचांग वाचून दाखवीत, हे वयस्क वाचकांस स्मरत असेल. ते पंचांग पूर्वी हाताने लिहिलेले असे. ते प्रथम छापून विकणारे मुंबईचे गणपत कृष्णाजी होत. ते जातीने भंडारी.

अमेरिकन मिशनचे लोक 1813 साली मुंबईस आले. थोड्याच वर्षांत त्यांनी छापखाना घातला, व 1817 साली त्यातून मराठी पुस्तक निघाले. मिशनची छापील पुस्तके पाहून गणपतरावांच्या मनात आले की, हे आपणासही का करिता येऊ नये? शिकविणारा कोणी नव्हता. त्यांनी दगडाचे लहान तुकडे मिळविले, घरी शाई केली, आणि ठसा उठतो की नाही हे पुनःपुन्हा पाहिले. ठसा बरा उठू लागल्यावर त्यांनी स्वतः लाकडी दाबयंत्र केले. लोखंडी यंत्र मागाहून आले.

ही शिळाछापाची रीत साधी, पण नाजूक आहे. गुळगुळीत दगडावर तेलकट शाईने अक्षर उमटवितात व दगड भिजवितात. पाणी अक्षरांवर ठरत नाही, म्हणून रूळ फिरविला की शाई अक्षरांसच लागते. बाळबोध लिपीचे शेकडो खिळे ओतण्याचा खर्च यात नाही. सुवाच्य लिहिणारा एक लेखक मिळाला म्हणजे झाले. अल्प भांडवलाच्या मनुष्यास हीच वाट मोकळी होती.

शके 1753 चे, म्हणजे 1831 सालचे पंचांग त्यांनी असे छापिले, व किंमत आठ आणे ठेविली. निवड मोठी चतुराईची होती. पोथी एकदा घेतली की पिढ्यान्‌पिढ्या पुरते; पंचांग मात्र वर्ष सरताच निरुपयोगी होते व नवे घ्यावेच लागते. म्हणूनच बहुतेक लोक जुनी पंचांगे जपून ठेवीत नाहीत.

परंतु ज्यांच्यासाठी ते छापिले, त्यांतले कित्येक सोवळे लोक छापील कागदास शिवण्यास भीत. शाईत चरबी असते, हा त्यांचा संशय. गणपतरावांनी चरबीऐवजी तूप घालून शाई केली, असे सांगतात. ते काही असो, त्यांच्या शाईची कीर्ती मोठी होती. गोविंद नारायण माडगांवकर यांनी 1863 सालच्या मुंबईच्या वर्णनात त्यांच्या कामाची वाखाणणी केली आहे.

मिशनपासून स्फूर्ती घेऊन त्यांनी हिंदू धर्माचे ग्रंथ छापिले, याबद्दल आपल्यापैकी कोणास वाईट वाटेल. मला वाटत नाही. कारागिरी उघड्या दाराशी शिकावयास ठेविली, म्हणजे शिकणारा ती आपल्या घरी नेणारच.

पुढे त्यांनी खिळ्यांचा छापखानाही काढिला. अक्षरांचे साचे करण्यापासून लहानमोठे खिळे ओतण्यापर्यंत सर्व काम त्यांनी स्वतःच सिद्धीस नेले. शिळेवर सुरू झालेले पंचांग मग त्या खिळ्यांनी छापून निघू लागले.