दिव्यामागची नोंदवही

दरवर्षी 12 मे रोजी जगभर परिचारिका दिन पाळला जातो. आपल्याकडेही त्या दिवशी नर्सिंगच्या संस्थांतून दिवे उजळले जातात, सेवा, त्याग आणि ममता या विषयांवर भाषणे होतात आणि फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांच्या तसबिरीला हार घातला जातो. यात वावगे काही नाही. मात्र एखाद्या थोर व्यक्तीची मूर्ती करून ती देव्हाऱ्यात बसविली की तिचे म्हणणे ऐकण्याच्या जबाबदारीतून आपण मोकळे होतो, हाही आपला जुना अनुभव आहे. हाती दिवा घेऊन रात्री आजारी सैनिकांमधून फिरणाऱ्या नाइटिंगेलबाई सर्वांना ठाऊक आहेत. त्यांचे ते फिरणे दोन वर्षांहूनही कमी काळचे होते. त्यानंतरची सुमारे चाळीस वर्षे त्या एकाच प्रश्नाशी झुंजत होत्या. रुग्णाच्या हिताची ठरलेली गोष्ट, ती सुरू करणारी व्यक्ती समोर नसतानाही, रोज आणि बिनचूक कशी होत राहील? आमच्या मते तोच प्रश्न आज आपल्या रुग्णालयांपुढेही उभा आहे.

बाईंचा जन्म 12 मे 1820 रोजी इटलीतील फ्लॉरेन्स शहरात झाला. गावाचेच नाव मुलीला मिळाले. घराणे इंग्लंडातील सधन. वडिलांनी मुलींना घरीच भाषा, इतिहास आणि तत्त्वज्ञान शिकविले. फ्लॉरेन्सला गणिताची विलक्षण ओढ होती. तिने रुग्णसेवा पत्करण्याचा विचार बोलून दाखविला तेव्हा घरात वादळ उठले, कारण त्या काळी इस्पितळातील परिचारिका म्हणजे अशिक्षित आणि बहुधा व्यसनी बाई अशीच समजूत होती. बरीच वर्षे कुढण्यात गेली. अखेर 1851 मध्ये जर्मनीतील कायझरवर्थ येथे तीन महिने शिक्षण घेण्याची मुभा मिळाली, आणि 1853 मध्ये लंडनच्या हार्ले स्ट्रीटवरील एका लहानशा रुग्णालयाचा कारभार त्यांच्याकडे आला.

पुढच्याच वर्षी क्रिमियाच्या युद्धातील जखमींच्या हालअपेष्टांच्या वार्ता लंडनला येऊन थडकल्या. 38 परिचारिकांना घेऊन बाई निघाल्या आणि 4 नोव्हेंबर 1854 रोजी तुर्कस्तानातील स्कुटारी येथे पोहोचल्या. तेथील बराकींचे रुग्णालय तुंबलेल्या गटारांवर उभे होते. चादरी नव्हत्या, साबण नव्हता, नीट शिजविलेले अन्न नव्हते. बाईंनी स्वयंपाकघर उभारले, धुलाईची व्यवस्था लावली, कोठारांची कुलपे उघडविली. तरीही माणसे मरतच राहिली. फेब्रुवारी 1855 मध्ये दर शंभर रुग्णांमागे 42 हून अधिक दगावत होते. मार्चमध्ये सरकारने पाठविलेले आरोग्य आयोगाचे पथक आले. त्याने गटारे धुऊन काढली, पाण्याचे मार्ग शुद्ध केले, हवा खेळती केली. जून महिन्यापर्यंत तेच प्रमाण शंभरांत दोनाच्या आसपास उतरले.

सामान्य माणसाने या यशाचे श्रेय निमूटपणे पदरात पाडून घेतले असते. बाईंनी मायदेशी परतल्यावर विल्यम फार या संख्याशास्त्रज्ञाच्या मदतीने युद्धातील मृत्यूंचा हिशेब मांडला. त्यातून निघालेला निष्कर्ष कठोर होता. बहुसंख्य सैनिक शत्रूच्या गोळीने मेले नव्हते, टाळता येण्याजोग्या रोगांनी मेले होते. आणि ममतेने केलेली शुश्रूषाही गलिच्छ इमारतीपुढे हतबल ठरली होती. आकड्यांची जंत्री मंत्री वाचणार नाहीत हे जाणून बाईंनी महिन्यामहिन्याचे मृत्यू रंगीत पाकळ्यांच्या आकृतीत दाखविले. 1858 मध्ये लंडनच्या संख्याशास्त्र मंडळाने त्यांना सदस्यत्व दिले. तो मान मिळविणारी ती पहिली स्त्री. या वेळेपर्यंत प्रकृती ढासळली होती. पुढचे बहुतेक काम त्यांनी अंथरुणावरून, कागद आणि लेखणी यांच्या बळावर केले.

त्या सुमारास प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या शुश्रूषेवरील छोटेखानी पुस्तकात खिडक्या, अंथरूण, अन्न आणि स्वच्छता यांबरोबर कारभारावरही एक प्रकरण आहे. आम्हांस ते साऱ्या पुस्तकाचा गाभा वाटते. आपण हजर असताना जे करतो ते आपल्या गैरहजेरीतही व्हावे अशी तजवीज ज्याला करता येत नाही, त्याची सारी मेहनत वाया जाते, असा त्याचा आशय. सर्व काही मी स्वतः कसे करीन, हे प्रमुखाने विचारावयाचे नसते. ते सदैव होत राहील अशी व्यवस्था कशी लावीन, हे विचारावयाचे असते. आपल्याकडे एखादी कर्तबगार मेट्रन निवृत्त होते आणि सहा महिन्यांत वॉर्डाची कळा बदलते, तेव्हा या प्रकरणाची आठवण व्हावी.

ही व्यवस्था लावण्यासाठीच 1860 मध्ये लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात त्यांच्या नावाची शाळा निघाली. कृतज्ञ जनतेने वर्गणीने जमविलेला सुमारे 45,000 पौंडांचा निधी त्यासाठी खर्ची पडला. एक वर्षाचे शिक्षण, राहण्यास स्वतंत्र जागा आणि प्रत्येक विद्यार्थिनीच्या कामाची व वर्तनाची नियमित लेखी नोंद, अशी तिची रचना होती. परंतु कागदावरची रचना आपोआप टिकत नसते. दहा-बारा वर्षांनी बाईंनी बारकाईने चौकशी केली तेव्हा आढळले की, व्याख्याने देण्याची जबाबदारी असलेले डॉक्टर ती नीट देतच नव्हते आणि नोंदींत शिथिलता शिरली होती. खुद्द संस्थापिकेच्या शाळेची ही गत! त्यांनी नवा अध्यापक नेमविला, विद्यार्थिनींच्या अभ्यासावर लक्ष ठेवणारी स्वतंत्र सिस्टर आणली, विद्यार्थिनींना स्वतः बोलावून प्रश्न विचारले आणि 1872 पासून त्यांना उपदेशपर पत्रे लिहिण्याचा परिपाठ सुरू केला.

पुराव्यापुढे स्वतःच्या कामालाही त्यांनी सूट दिली नाही. त्यांच्याच निधीतून लंडनच्या किंग्ज कॉलेज रुग्णालयात सुइणींच्या शिक्षणासाठी प्रसूतिकक्ष चालविला जात होता. तेथे सूतिकाज्वराने बाळंतिणी दगावू लागल्या तेव्हा 1867 मध्ये तो बंद करण्यात आला. बाईंनी ठिकठिकाणचे आकडे जमविले आणि घरच्या बाळंतपणापेक्षा प्रसूतिगृहांत मृत्यू अधिक होतात, असा निष्कर्ष 1871 मध्ये पुस्तकरूपाने जगापुढे ठेवला.

हिंदुस्थानात त्या कधीच आल्या नाहीत. तरी येथील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करणाऱ्या आयोगासाठी त्यांनी छावणीछावणीतून माहिती मागविली. हजारी 69 असलेले वार्षिक मृत्यूंचे प्रमाण 18 वर आल्याचे त्यांनी 1873 मध्ये मांडले. पुढे त्यांची दृष्टी छावणीपलीकडे खेड्यांकडे वळली आणि ग्रामस्वच्छतेबाबत पुण्याच्या सार्वजनिक सभेशी त्यांचा पत्रव्यवहार झाला.

त्यांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत. रोग घाणेरड्या हवेतून उपजतो, या त्या काळच्या समजुतीला त्या दीर्घकाळ चिकटून राहिल्या. जंतूंची कल्पना त्यांना उशिरा पटली. परिचारिकांच्या सरकारी नोंदणीला त्यांनी कडाडून विरोध केला. एका दिवसाच्या परीक्षेवरून रोजचे आचरण कळत नाही, हा त्यांचा आक्षेप रास्त असला तरी त्या विरोधाने एका न्याय्य मागणीची वाट बिकट केली. तो कायदा इंग्लंडात 1919 मध्ये, त्यांच्या पश्चात झाला. सर्व रुग्णालयांसाठी एकसारखे नोंदपत्रक असावे ही त्यांची योजना 1860 च्या आंतरराष्ट्रीय परिषदेने उचलून धरली, पण पत्रके इतकी किचकट होती की ती रूढ झाली नाहीत. राबणाऱ्या हातांना पेलणार नाही असा नियम कितीही शास्त्रशुद्ध असला तरी टिकत नाही, हा धडा त्यांच्या अपयशाने दिला.

जागतिक आरोग्य संघटनेने 2009 मध्ये हात स्वच्छ ठेवण्याविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, तीत हाच धडा गिरविलेला दिसतो. जंतुनाशक द्रव रुग्णाच्या खाटेपाशीच हाताला लागेल असा ठेवा, शिकवा, प्रत्यक्ष पाहणी करून निष्कर्ष कर्मचाऱ्यांना कळवा, आठवण देत राहा आणि वरिष्ठांनी स्वतः पाळून वातावरण घडवा, असा तो पंचविध मार्ग आहे. केवळ परिपत्रकावर तेथे कोणी विसंबलेले नाही.

आपल्याकडे परिपत्रकांची वाण नाही. बांबोळीच्या गोमेकॉत गोव्याबरोबरच सिंधुदुर्ग आणि कारवारकडचे रुग्णही मोठ्या आशेने येतात. तेथपासून गावच्या आरोग्य केंद्रापर्यंत सर्वत्र परिचारिकेला योग्य काय ते बहुधा ठाऊक असते; ते करण्यास वेळ, साधने आणि मनुष्यबळ मिळते काय, हा प्रश्न आहे. किती रुग्णांना अंथरुणात पडून व्रण झाले, किती जखमा शस्त्रक्रियेनंतर चिघळल्या, याचा हिशेब दरमहा वॉर्डावार मांडला जावा आणि तो दोष काढण्यासाठी नव्हे, तर सुधारणेसाठी प्रथम परिचारिकांच्याच हाती दिला जावा. एका परिचारिकेवर किती रुग्णांचा भार आहे, तोही आकडा त्याच कागदावर असावा. तो लपवून बाकीचे आकडे मागणे हा अन्याय होईल.

13 ऑगस्ट 1910 रोजी नाइटिंगेलबाई निवर्तल्या. वेस्टमिन्स्टर ॲबीत दफन करण्याचा मान त्यांच्या आप्तांनी नाकारला आणि हॅम्पशायरमधील ईस्ट वेलो गावी कुटुंबाच्या दफनभूमीत त्यांना विसावा दिला. तेथील शिळेवर त्यांच्या नावाची केवळ आद्याक्षरे आहेत. ज्यांना त्यांचे खरे स्मारक करावयाचे असेल, त्यांनी 12 मे रोजी दिवा अवश्य लावावा. मात्र 13 मे रोजी वॉर्डातील नोंदवही उघडून बघावी.