कवयित्री सावित्रीबाई आणि त्यांचा स्नेहपरिवार

सावित्रीबाई फुले यांची तसबीर आमच्या ज्ञातीच्या बहुतेक घरांतून भिंतीवर आहे, आणि 3 जानेवारीस तिला हार घालण्याचा परिपाठही आता चांगला रुळला आहे. मुलींना त्यांनी शिकविले हे शाळकरी पोरासही ठाऊक असते. परंतु त्या कवयित्री होत्या, आणि त्यांचा पहिला काव्यसंग्रह त्यांच्या वयाच्या तेविसाव्या वर्षी छापून निघाला, हे सांगितले म्हणजे पुष्कळांस नवल वाटते. ज्यांना आपण आपल्या म्हणतो त्यांचे लिहिलेले आपण वाचलेले नसावे, ही गोष्ट आम्हांस थोडी चमत्कारिक वाटते. म्हणून या लेखात शिक्षिकेपेक्षा कवयित्रीकडे, आणि तिच्याभोवती जमलेल्या माणसांकडे, वाचकांचे लक्ष वेधण्याचे आम्ही योजिले आहे.

सातारा जिल्ह्यातील नायगाव येथे खंडोजी नेवसे पाटील यांच्या घरी 3 जानेवारी 1831 रोजी सावित्रीबाईंचा जन्म झाला. मातुश्रींचे नाव लक्ष्मीबाई. 1840 साली पुण्याच्या गोविंदराव फुले यांचे चिरंजीव जोतिराव यांच्याशी त्यांचा विवाह झाला. वधू नऊ वर्षांची, वर तेरा वर्षांचे. फुले घराण्याचे मूळ आडनाव गोऱ्हे. पेशव्यांच्या पदरी फुले पुरविण्याचे काम या घराण्याकडे आले आणि त्यावरूनच फुले हे नाव रूढ झाले. जोतिरावांची आई त्यांच्या बालपणीच निवर्तली होती. त्यांचा सांभाळ मावसबहीण सगुणाबाई यांनी केला. त्या स्वतः बालविधवा असून मिशनरी कुटुंबात कामाला राहिलेल्या, त्यामुळे विद्येचे मोल त्यांस कळले होते. माहेरी अक्षरओळख नसलेली सून या घरात लिहू-वाचू लागली, त्यामागे पतीइतकाच या माउलीचाही हात होता. पुढचे शिक्षण जोतिरावांचे स्नेही सखाराम यशवंत परांजपे आणि केशव शिवराम भवाळकर यांनी दिले. अहमदनगर येथे मिस फरार व पुण्यात मिसेस मिचेल यांच्याकडे अध्यापनाचा अभ्यासही झाला. जोतिरावांच्या या कार्यात सदाशिव बल्लाळ गोवंडे, मोरो विठ्ठल वाळवेकर यांच्यासारखे ब्राह्मण मित्र आरंभापासून होते, हेही येथे नमूद केले पाहिजे.

1848 साली बुधवार पेठेतील भिडे यांच्या वाड्यात मुलींची शाळा निघाली. रस्त्याने जाताना अंगावर पडलेला चिखल व शेण, आणि शाळेत जाऊन नेसण्यासाठी बरोबर नेलेले दुसरे लुगडे, ही हकीकत वाचकांस पाठ असेल. ती पुन्हा विस्ताराने सांगत नाही. त्याहून कठीण प्रसंग घरात आला. 1849 साली गोविंदरावांवर लोकांचे व ज्ञातीचे दडपण इतके वाढले की त्यांनी मुलास व सुनेस घराबाहेर पडण्यास सांगितले. शेण टाकणारे परके होते, असे म्हणून आपण सुटतो. दार लावून घेणारे मात्र परके नव्हते. त्या वेळी ज्यांनी आपल्या घरात जागा दिली ते उस्मान शेख हे मुसलमान गृहस्थ होते. त्यांच्याच घरच्या फातिमा शेख सावित्रीबाईंच्या सहकारी झाल्या.

1851 च्या जुलैत चिपळूणकर वाड्यात, सप्टेंबरात रास्ता पेठेत व 1852 च्या मार्चमध्ये वेताळ पेठेत अशा तीन मुलींच्या शाळा उभ्या राहिल्या. 16 नोव्हेंबर 1852 रोजी विश्रामबाग वाड्यात मेजर कँडी यांच्या हस्ते सरकारतर्फे जोतिरावांचा सत्कार झाला. त्याच वर्षीच्या संक्रांतीची गोष्ट आम्हांस या सत्काराहून मोठी वाटते. 14 जानेवारीस कलेक्टरांच्या पत्नी मिसेस जोन्स यांच्या अध्यक्षतेखाली सावित्रीबाईंनी तिळगूळ समारंभ योजिला. कोणत्याही जातीची स्त्री आली तरी सर्वांनी एकाच जाजमावर बसावयाचे, असे निमंत्रणातच कळविले होते. हळदीकुंकवास बोलावताना कोणाला कोठे बसवावयाचे याचा विचार करण्यात ज्यांचा जन्म गेला, त्या बायकांच्या मनात ते निमंत्रण वाचून काय आले असेल याची कल्पना आमच्या घरांतील वडीलधाऱ्या स्त्रियांस सहज करता येईल.

अशा धामधुमीत 1854 साली ‘काव्यफुले’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यात एक्केचाळीस रचना आहेत. आधुनिक मराठी कवितेचा उगम सामान्यतः केशवसुतांपासून सांगतात. ‘काव्यफुले’ निघाली त्यानंतर बारा वर्षांनी, 1866 साली, केशवसुतांचा जन्म झाला. संग्रहात अभंग आहेत, ओवीच्या चालीवरील रचना आहेत, अनुष्टुभासारखी वृत्तेही आहेत. विद्येचा, इंग्रजी शिकण्याचा उपदेश आहे. दगडास शेंदूर फासून नवस बोलणाऱ्यांची थट्टा आहे. शूद्रातिशूद्रांच्या दुःखाचे कारण अज्ञानात आहे ही पुनःपुन्हा आलेली तळमळ आहे. छत्रपती शिवाजी महाराज व ताराराणी यांचे स्तवन आहे. आणि जोतिरावांविषयीची कृतज्ञता आहे. सर्वच रचना सारख्या उतरल्या आहेत असे आम्ही म्हणणार नाही. उपदेशाच्या काही कवितांत शिक्षिकेचा आवाज कवयित्रीवर मात करतो, आणि यमकासाठी शब्दांची ओढाताणही झालेली दिसते. परंतु त्या कविता केवळ एकांतात वाचण्यासाठी लिहिल्या नसाव्यात. मुलींनी त्या पाठ म्हणाव्यात, चालीवर म्हणाव्यात, हा हेतू त्यांच्या ठेवणीवरून उघड दिसतो. त्या मापाने त्या मापल्या तर त्यांचा सोपेपणा हा दोष राहत नाही.

फुलांवरील कविता मात्र निराळ्या जातीच्या आहेत. पिवळा चाफा, जाई, गुलाब ही या कवयित्रीने पुस्तकात वाचलेली फुले नव्हेत. ज्या घराण्याला फुलांवरूनच नाव पडले त्या घरात ती सून म्हणून आली होती. फूल खुडणारा हात, हुंगून झाल्यावर ते टाकून देणारा हात, हे तिने जवळून पाहिलेले आहे. जाईच्या फुलावरील कविता वाचताना बोलणे फुलाविषयी चालले आहे की बाईविषयी, असा प्रश्न पडतो, आणि तो प्रश्न कवयित्री सोडवीत बसत नाही. फुलांचे पिढीजात काम करणाऱ्या आमच्या ज्ञातीत अशी नजर एका स्त्रीस लाभली आणि तिला ती शब्दांत मांडता आली, याचा अभिमान बाळगावा तेवढा थोडा.

कवयित्रीचे मन तिच्या पत्रांतूनही दिसते. जोतिरावांना लिहिलेली तिची तीन पत्रे प्रसिद्ध आहेत. पहिले 10 ऑक्टोबर 1856 चे. आजारपणामुळे सावित्रीबाई तेव्हा नायगावी माहेरी होत्या. पुण्यात सारा भार फातिमेवर पडला असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असा विश्वास त्या पत्रात व्यक्त करतात. पत्राचा मुख्य विषय मात्र भावाशी झालेला वाद हा आहे. तुम्हा नवराबायकोला वाळीत टाकले आहे, महारामांगांसाठी तुम्ही करता ते पतितपणाचे आहे, तेव्हा जातीच्या रूढीस धरून वागावे, असे भावाने सुनावले. आईला ते ऐकून वाईट वाटले. सावित्रीबाई रागावल्या नाहीत. गाईशेळ्यांना तू कुरवाळतोस, नागपंचमीला विषारी सापास दूध पाजतोस, मग तुझ्यासारख्याच माणसाचा विटाळ कसा मानतोस, असे त्यांनी विचारले. आणि सोवळ्यातला ब्राह्मण तुलाही शिवत नाही याचीही आठवण दिली. भाऊ वरमला. लोक तुम्हाला छळतात ते मला सोसवत नाही, असे त्याच्या तोंडून निघाले तेव्हा त्याच्या रागामागची माया उघडी पडली. हे पत्र आमच्या प्रत्येक घरात एकदा तरी मोठ्याने वाचले जावे असे आम्हांस वाटते. यातला भाऊ दुष्ट नाही. तो आपल्यापैकीच एक आहे.

दुसरे पत्र 29 ऑगस्ट 1868 चे, तेही नायगावहूनच. पंचांग सांगत गावोगाव फिरणारा गणेश नावाचा ब्राह्मण तरुण आणि शारजा नावाची महार मुलगी यांचे प्रेम जमले होते, मुलीस दिवस गेले होते, आणि गावकरी दोघांना मारावयास निघाले होते. सावित्रीबाई धावत गेल्या, इंग्रज सरकारच्या कायद्याचा धाक दाखविला आणि दोघांचे प्राण वाचविले. गाव सोडून जाण्याच्या अटीवर ती दोघे सुटली, तेव्हा त्यांची पाठवणी त्यांनी पुण्यास जोतिरावांकडेच केली. याच वर्षी पुण्यातील घरचा पाण्याचा हौद अस्पृश्यांसाठी खुला झाला. तिसरे पत्र 20 एप्रिल 1877 चे, जुन्नर भागातील ओतूरहून, ऐन दुष्काळातले. सावकारांच्या तक्रारीवरून पकडलेल्या सत्यशोधक मंडळींसाठी त्या कलेक्टरांपुढे निर्भयपणे बोलल्या, ती हकीकत त्यात आहे.

त्यांच्या शाळेने लेखिकाही घडविली. मुक्ता साळवे या मातंग समाजातील मुलीचा मांगमहारांच्या दुःखाविषयीचा निबंध 1855 साली ‘ज्ञानोदया’त दोन अंकांतून छापून आला. 1882 साली ‘स्त्रीपुरुषतुलना’ लिहिणाऱ्या ताराबाई शिंदे याही सत्यशोधक घराण्यातल्याच. त्यांचे वडील बापूजी हरी शिंदे हे त्या चळवळीतले. ताराबाईंवर टीका झाली तेव्हा जोतिरावांनी ‘सत्सारा’तून त्यांची बाजू घेतली.

1863 साली फुले दांपत्याने स्वतःच्या घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले. फसलेल्या ब्राह्मण विधवांनी तेथे गुप्तपणे बाळंत व्हावे, अशी सोय केली. 1884 पर्यंत पस्तीस जणींनी तिचा आश्रय घेतला. बाळंतपणे सावित्रीबाईंच्या देखरेखीखाली होत. काशीबाई नावाच्या अशाच एका विधवेच्या पोटी 1874 साली जन्मलेला मुलगा त्यांनी दत्तक घेतला, तेच यशवंतराव. मुलगा पुढे शिकून डॉक्टर झाला, पण त्याच्या लग्नाची वेळ आली तेव्हा त्याला मुलगी देण्यास कोणी तयार होईना. अखेर हडपसरचे ज्ञानोबा कृष्णाजी ससाणे पुढे आले आणि 4 फेब्रुवारी 1889 रोजी त्यांची कन्या राधा हिच्याशी सत्यशोधक पद्धतीने विवाह झाला. ससाणे यांचे नाव आमच्या ज्ञातीने विसरता कामा नये.

28 नोव्हेंबर 1890 रोजी जोतिराव निवर्तले. आपणास मिठात पुरावे अशी त्यांची इच्छा होती, परंतु नगरपालिकेने परवानगी दिली नाही. अंत्ययात्रेच्या वेळी भाऊबंदांनी दत्तक मुलाच्या हक्कास हरकत घेतली. तेव्हा सावित्रीबाईंनी स्वतः टिटवे हाती धरले, त्या पुढे चालल्या आणि पतीच्या देहास त्यांनी अग्नी दिला. त्या काळी स्मशानाची वाट स्त्रियांना बंद होती.

यानंतर दोन वर्षांनी, 1892 साली, ‘बावन्नकशी सुबोध रत्नाकर’ निघाला. बावन्न कडव्यांतून पेशवाई, इंग्रजी अंमल आणि जोतिरावांचे चरित्र त्यात गुंफले आहे. ‘काव्यफुले’तली कोवळीक येथे राहिली नाही, साठीच्या विधवेने साऱ्या आयुष्याचा हिशेब मांडावा तशी ही रचना आहे. दोन पुस्तकांमध्ये अडतीस वर्षांचे अंतर आहे. ती वर्षे बाळंतिणींत, वसतिगृहात आणि दुष्काळातल्या अन्नछत्रांत गेली, हे ध्यानात घेतले म्हणजे त्यांनी अधिक कविता का लिहिल्या नाहीत हा प्रश्नच उरत नाही. 1893 साली सासवड येथे भरलेल्या सत्यशोधक परिषदेचे अध्यक्षस्थान त्यांनी भूषविले.

1897 साली पुण्यात प्लेग पसरला. यशवंतरावांनी हडपसर येथे ससाणे यांच्या मळ्यात दवाखाना घातला, आणि मातुश्री रोग्यांना आणून पोहोचवू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातून पांडुरंग बाबाजी गायकवाड यांच्या मुलास त्यांनी उचलून दवाखान्यात आणले. त्यातच त्यांना लागण झाली आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचा अंत झाला. यशवंतरावही 1905 साली प्लेगच्याच रोग्यांची सेवा करीत असता गेले. त्यांच्या मागे राहिलेल्या कुटुंबास पुण्यातच अत्यंत विपन्नावस्थेत दिवस काढावे लागले. सावित्रीबाईंचे सारे लेखन एकत्र होऊन मा. गो. माळी यांच्या संपादनाखाली महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने 1988 साली प्रसिद्ध केले, तेव्हा ‘काव्यफुले’ छापून निघाल्यास एकशे चौतीस वर्षे झाली होती.